बालेकिल्ला नसलेला मतदारसंघ

ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघातून आजवर निवडून गेलेल्यांची यादी एका पानात मावते, आणि ती वरून खाली वाचताना प्रथम जाणवते ते तिचे अस्वस्थपण. १९८४ साली गुरुदास कामत, १९८९ साली जयवंतीबेन मेहता, १९९१ साली पुन्हा कामत, १९९६ साली प्रमोद महाजन, १९९८ साली पुन्हा कामत, १९९९ साली किरीट सोमय्या, २००४ साली चौथ्यांदा कामत, २००९ साली संजय दिना पाटील, २०१४ साली पुन्हा सोमय्या, २०१९ साली मनोज कोटक आणि २०२४ साली पुन्हा पाटील. अकरा निवडणुका, सहा माणसे, आणि त्यांतील एकही लागोपाठ दोनदा निवडून आलेला नाही. असा पराक्रम येथे शेवटचा केला तो सुब्रमण्यम स्वामींनी, १९७७ आणि १९८० साली. त्यानंतर जन्मलेली आमची पिढी चाळिशी ओलांडून गेली. परंतु मुलुंड-भांडुप-विक्रोळी-घाटकोपरच्या या पट्ट्यात ‘विद्यमान खासदार पुन्हा विजयी’ हे वाक्य आम्ही कधी वर्तमानपत्रात वाचलेले नाही.

याच महानगराच्या पश्चिम उपनगरांत चित्र अगदी निराळे होते. बोरिवलीच्या बाजूला, म्हणजे उत्तर मुंबईत, राम नाईक १९८९ पासून १९९९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले आणि २००४ साली गोविंदाकडून त्यांचा झालेला पराभव ही म्हणूनच मोठी बातमी ठरली. वायव्य मुंबईने सुनील दत्तांना १९८४, १९८९ आणि १९९१ असे तीनदा लागोपाठ पाठवले. तिकडे गड होते, बालेकिल्ले होते. मध्य रेल्वेच्या या बाजूला मात्र दर वेळी खांदेपालट.

याचे जे स्पष्टीकरण ऐकू येते ते ठरलेले आहे. ‘इथला मतदार चोखंदळ आहे’, ‘तो कोणाला डोक्यावर बसवून घेत नाही’, ‘ईशान्य मुंबईने पुन्हा एकदा बदलाचा कौल दिला’. साहित्य शिकवणाऱ्या माणसाचे कान अशा वेळी टवकारले जावेत अशी अपेक्षा आहे. मतदारसंघाने कौल दिला, मतदारसंघ नाराज आहे, मतदारसंघाने धडा शिकवला. ही सगळी चेतनगुणोक्तीची उदाहरणे आहेत. अलंकार शिकवताना आपण झाडाला, वाऱ्याला, फार तर बाराव्या-तेराव्या इयत्तेत समुद्राला बोलते करतो. येथे काही लाख परस्परांना अपरिचित माणसांना मिळून एक मन बहाल केले जाते, आणि तो अलंकार आहे याचे भान लिहिणाऱ्यालाही राहत नाही.

एकूणच मराठीतील निवडणुकीची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासविषय व्हावा. तिचा एक झरा युद्धाचा आहे: गड, बालेकिल्ला, सुरुंग, मुसंडी, रणधुमाळी. दुसरा देवळाचा. ‘कौल’ हा शब्द कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर कुटुंबाची लग्ने आणि जमिनीचे व्यवहार ठरताना त्याने पाहिलेले असतात. ‘मतदान’ या शब्दातही दान आहेच. म्हणजे जो हक्क आहे तो आपण दानाच्या शब्दात सांगतो आणि जो मोजणीचा आकडा आहे तो दैवी संकेताच्या. तिसरा झरा पेढीचा, ‘मतपेढी’ हा त्यातला ठळक शब्द. तो वापरताना बोलणारा स्वतः कोणत्याही पेढीचा खातेदार नाही असे नेहमी गृहीत असते. असो.

आम्ही दोघे या मतदारसंघात वाढलो, येथेच मतदार झालो, आणि आता येथील मुलांना मराठी शिकवतो. त्यामुळे या यादीतील कोण ‘आपला’ आणि कोण ‘बाहेरचा’ हा वाद आमच्या विषयाला थेट येऊन भिडतो. ‘मराठी माणूस’ या शब्दप्रयोगाने लोकसभेच्या रणात (पाहा, आम्हीही सुटलो नाही) पहिली मोठी लढत दिली ती याच भूमीवर. ती कथा १९६७ ची आहे. पण ती दहा वर्षे अलीकडून सांगितल्याशिवाय कळत नाही.

१९५७ साल. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते, फ्लोरा फाउंटनचे रक्त वाळले नव्हते, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली होती. अशा वर्षी उत्तर मुंबईने काँग्रेसच्या तिकिटावर कोणाला निवडून दिले? व्ही. के. कृष्ण मेनन यांना. कोझिकोडचा, आयुष्याची ऐन वर्षे लंडनमध्ये घालवलेला, मराठीचा गंध नसलेला आणि हिंदीशीही फारसे सख्य नसलेला हा मनुष्य. त्यांच्यासमोर होते पीटर अल्वारिस, समाजवादी, गोवामुक्तीच्या लढ्यातील बिनीचे नेते. आजच्या हिशेबाने पाहिले तर निकाल उलटा लागायला हवा होता. पण मेनन यांनी त्याच जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर सुमारे आठ तासांचे भाषण केले होते आणि ते मुंबईत उतरले तेव्हा देशाची बाजू जगापुढे मांडणारा वीर म्हणून उतरले. मेनन यांच्या डाव्या प्रतिमेमुळे कम्युनिस्ट वर्तुळात त्यांच्याविषयी ओलावा होता, आणि समितीत तर कम्युनिस्ट होतेच. भाषेचा प्रश्न होता, पण त्या मतपेटीपाशी तो एकटा नव्हता.

१९६२ ची लढत तर देशभर गाजली. आचार्य कृपलानी आपला बिहारमधील सीतामढीचा मतदारसंघ सोडून मेनन यांना पाडण्याच्या निश्चयाने येथे आले. एक सिंधी गांधीवादी आणि एक मलबारी समाजवादी मुंबईच्या उपनगरांत एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि कोण बाहेरचा हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही, कारण दोघेही सारखेच बाहेरचे होते. गोवा दोनच महिन्यांपूर्वी मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री मेनन होते. ज्या गोव्यासाठी अल्वारिस लढले त्या गोव्याचे पुण्य त्यांना हरवणाऱ्याच्या पदरात पडावे, हा इतिहासाचा खट्याळपणा. नेहरू स्वतः प्रचाराला आले, त्यांच्या सांगण्यावरून दिलीपकुमार सभा घेऊ लागले, आणि मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली. त्यानंतर नऊ महिन्यांत चीनचे आक्रमण झाले आणि नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले.

१९६७ साली काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली. कारण सांगितले गेले ते असे की ते महाराष्ट्रीय नाहीत. दहा वर्षांपूर्वी, रस्त्यावर गोळ्या चालत असताना, ही अट नव्हती. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन सात वर्षे लोटल्यावर ती लागू झाली. मुंबई काँग्रेसवर तेव्हा पकड होती स. का. पाटलांची. संयुक्त महाराष्ट्राला मुंबई मिळू नये म्हणून ज्यांनी जंग जंग पछाडले त्यांच्याच काळात त्यांच्याच पक्षाला मराठीपणाचा उमाळा यावा, ही गोष्ट आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. मेनन अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने उमेदवारी दिली स. गो. बर्वे यांना.

आणि १९ जून १९६६ रोजी जन्मलेली, अजून वर्षाचीही न झालेली शिवसेना बर्व्यांच्या बाजूने मैदानात उतरली. ‘मार्मिक’मधून दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम सुरू होतीच, मेनन एकाच वेळी दाक्षिणात्य आणि डावे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. बर्वे मात्र प्रचारातील गदारोळाला न शोभणारे गृहस्थ. आय.सी.एस. अधिकारी, १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुण्याची घडी बसवणारे, पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात गेलेले. त्यांचे सार्वजनिक कर्तृत्व पुण्याशी जोडलेले. कुर्ला-घाटकोपरशी त्यांचा संबंध मेनन यांच्याहून फार जुना होता असे नाही. तेव्हा ‘बाहेरचा’ या शब्दाचा अर्थ ‘या उपनगराबाहेरचा’ असा नव्हताच. तो ‘भाषेबाहेरचा’ असा होता, आणि तो अर्थ त्या निवडणुकीत पक्का झाला. मेनन तेरा हजारांच्या आसपास मतांनी हरले.

पुढची घटना कादंबरीत घातली तर संपादक ओढूनताणून आणलेली म्हणून कापील. निवडून आल्यावर काही दिवसांतच बर्वे वारले. त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली, मेनन पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी त्यांना हरवले ते बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी. एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात, भावाकडून आणि बहिणीकडून पराभव. मेनन मग १९६९ साली बंगालमधील मिदनापूरहून आणि १९७१ साली त्रिवेंद्रमहून लोकसभेत गेले. मिदनापूरला ते तितकेच बाहेरचे होते.

बर्व्यांचे नाव मात्र येथेच राहिले. घाटकोपर पश्चिमेला बर्वेनगर आहे, कुर्ल्याला एस. जी. बर्वे मार्ग आहे. आमच्यापैकी एकाचे बालपण बर्वेनगरच्या जवळच भटवाडीत गेले आणि बर्वे कोण हे त्याला पदवी मिळेपर्यंत ठाऊक नव्हते. पत्त्यात रोज लिहिले जाणारे नाव हे बहुधा सर्वांत कमी वाचले जाणारे नाव असते. ज्या माणसाच्या विजयाने मुंबईच्या राजकारणाची भाषा बदलली तो बसच्या पाटीवर उरला आहे, आणि त्या बसमधून उतरणारी आमची मुले आम्हाला विचारतात, ‘बर्वे म्हणजे ते गाणारे का, सर?’

मध्यंतरीच्या राजा कुलकर्णींची, म्हणजे १९७१ ची, कथा लहान आहे: कामगार चळवळीतला काँग्रेसचा माणूस, इंदिरा लाटेचे वर्ष. १९७७ ची मात्र लहान नाही. आणीबाणीत अटक चुकवत फिरणारे राज्यसभा सदस्य सुब्रमण्यम स्वामी १० ऑगस्ट १९७६ रोजी अचानक सभागृहात प्रकट झाले, हरकतीचा मुद्दा उपस्थित करून पुन्हा अदृश्य झाले, आणि या एका प्रवेशाने देशभर दंतकथा बनले. पुढच्याच वर्षी ईशान्य मुंबईने त्यांना निवडून दिले. अवघ्या दहा वर्षांपूर्वी एका मलबारी उमेदवाराला भाषेच्या मुद्द्यावर पाडणाऱ्या मतदारसंघाने एका तमिळ अर्थशास्त्रज्ञाला, तेही दोनदा!

येथे आम्हाला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, जी या निकालाच्या चर्चेत क्वचित येते. १९७६ च्या मे महिन्यात ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात उठवण्यात आली आणि तेथील हजारो कुटुंबांना चिता कॅम्पच्या चिखलात नेऊन सोडण्यात आले. चेंबूर-ट्रॉम्बेचा हा भाग तेव्हा याच मतदारसंघात होता. तिथल्या वस्तीतील दाक्षिणात्यांना, मुसलमानांना, दलितांना आणीबाणी म्हणजे काय हे वर्तमानपत्रांच्या कोऱ्या अग्रलेखांतून कळावे लागले नाही. स्वामींचा विजय हा दिल्लीतील नाट्याचा विजय होता असे म्हणताना, त्या विजयात ज्यांची घरे गेली त्यांची मतेही होती हे विसरले जाते. ती मते कोणत्या भाषेत विचार करून टाकली गेली, हे विचारण्यात अर्थ नाही.

१९८४ ते २००४ हा कालखंड कामतांचा. एकाआड एक विजयांचा. त्याचे गणित उलगडणे अवघड नाही. १९८४ ला इंदिराहत्येची लाट. १९८९ ला भाजप-शिवसेनेची युती प्रथमच लोकसभेला एकत्र. १९९८ ला काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्ष एकत्र. १९९९ ला शरद पवारांचा नवा पक्ष वेगळा, म्हणून काँग्रेसची मते फुटलेली. २००४ ला दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र. म्हणजे ज्याला आपण मतदाराचा चोखंदळपणा म्हणतो त्यातला बराचसा भाग पक्षांच्या जुळणी-फाटाफुटीचा आहे. मतदार बहुधा होता तिथेच उभा होता. त्याच्या भोवतीची कुंपणे हलत होती. (जाता जाता: कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते आणि प्रमोद महाजनही १९९६ च्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. विक्रोळीच्या कारखान्यांतील आणि गोवंडीच्या गाळ्यांतील माणसांनी देशाला दोन संरक्षणमंत्री दिले, याचा अभिमान बाळगणारा अद्याप आम्हाला भेटलेला नाही.)

परंतु या वीस वर्षांतील एक दिवस गणितात बसत नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपर पूर्वेला द्रुतगती मार्गालगत असलेल्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. राज्यात शिवसेना-भाजपचे सरकार होते. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या विलास घोगरे या शाहिराने आत्महत्या केली. घोगरे हे आंबेडकरी चळवळीतील लोकगायक. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचा आवाज आहे, आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्यांच्या मृत्यूपासूनच सुरू झाला. सात-आठ महिन्यांनी, १९९८ च्या निवडणुकीत, प्रमोद महाजनांसारखा मातब्बर नेता येथे हरला. पक्षांची जुळणी हे कारण खरेच. पण ती जुळणी खाली, गल्लीत, इतक्या घट्टपणे बसली त्याला रमाबाई नगरचा संदर्भ होता असे आम्हाला वाटते.

आम्ही तेव्हा अकरावी-बारावीच्या वयाचे होतो. पुढे एम. ए. ला आम्ही दलित साहित्य नेमलेला पेपर म्हणून वाचले, त्यावर प्रश्नोत्तरे लिहिली, उत्तम गुण मिळवले. शाहिरी ही लोकसाहित्याच्या पेपरात होती, तमाशाच्या शेजारी. मुलुंड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक शाहीर राहत होता आणि तो असा गेला, ही गोष्ट त्या दोन्ही पेपरांत कुठेच नव्हती. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, तेथे लिहिते झाले, ‘चिरागनगरची भुतं’ या नावाचा त्यांचा कथासंग्रह आहे. हेही आम्ही लेखक-परिचयातील एक ओळ म्हणून पाठ केले, जिथून आमची बस रोज जात असे तिथली वस्ती म्हणून नव्हे. मराठीतील राजकीय कादंबरी, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने तिला मोठी उंची दिली हे मान्य करूनही, प्रामुख्याने मंत्रालयाच्या परिसरात वावरते. मते जिथून येतात तो मुलूख तिच्यात मागच्या पडद्यावर रंगवलेला असतो.

२००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाचा नकाशा बदलला. चेंबूर आणि अणुशक्तीनगर दक्षिण मध्य मुंबईत गेले. उरले ते मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर. एका टोकाला मुलुंडचे आखीव, काटकोनात छेदणारे रस्ते. दुसऱ्या टोकाला देवनारचे कचऱ्याचे डोंगर. मधे भांडुपची टेकडीवर चढत गेलेली चाळवस्ती, विक्रोळीतले कन्नमवारनगर, घाटकोपरची जैन देरासरे आणि फरसाणाची दुकाने.

या नव्या नकाशावरील पहिले दोन निकाल आम्ही दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. २००९: संजय पाटील २,१३,५०५, किरीट सोमय्या २,१०,५७२, मनसेचे शिशिर शिंदे १,९५,१४८. पाटील २,९३३ मतांनी विजयी. २०१४: सोमय्या ५,२५,२८५, पाटील २,०८,१६३. पाटील ३,१७,१२२ मतांनी पराभूत. मुलांना विचारायचे: या दोन निवडणुकांत पाटलांचे काय बदलले? उत्तर साधारण असे येते की लोक त्यांच्यावर नाराज झाले, त्यांनी विश्वास गमावला. मग दोन आकडे एकाखाली एक ठेवायचे. पाच वर्षांत त्यांची मते जेमतेम सव्वापाच हजारांनी कमी झाली आहेत. जेवढ्या मतांनी माणूस दिल्लीला गेला, जवळपास तेवढीच मते मिळवून तो तीन लाखांनी हरला. ज्यांनी त्यांना मत दिले होते त्यांच्याइतकीच माणसे पुन्हा त्यांच्यामागे उभी राहिली. बदलले ते इतरत्र. २०१४ साली मनसेचा पाट आटला, मोदी लाट आली, आणि मेधा पाटकर आम आदमी पक्षाकडून उभ्या राहून शाहत्तर हजारांवर मते घेऊन गेल्या. ‘जनतेने नाकारले’ हे वाक्य मग किती पोकळ वाटू लागते! तरी ते प्रत्येक निकालाच्या दुसऱ्या दिवशी छापले जाते, कारण त्यावाचून गोष्ट पुरी होत नाही, आणि वाचकाला गोष्ट हवी असते. २०१९ ला तर नाकारण्याचे काम मतदाराला करावेच लागले नाही. शिवसेनेच्या विरोधामुळे भाजपनेच सोमय्यांचे तिकीट कापले आणि मनोज कोटक सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

एका निवडणुकीत आमच्यापैकी एकाला मतदान केंद्राध्यक्ष म्हणून शिवाजीनगरच्या महापालिका शाळेत काम आले. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाला हे काम चुकत नाही आणि ते चुकवू पाहणाऱ्यांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवर एक विनोदी प्रबंध होऊ शकेल. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेणे, रात्र शाळेच्या बाकांवर काढणे, पहाटे प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेणे. हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. लक्षात राहिली ती मतदारयादी. ती मराठीत होती आणि तीत बहुतेक नावे उर्दू वळणाची होती. कोणा लिपिकाने ऐकून, कोणी फॉर्मवरच्या इंग्रजी अक्षरांवरून ती देवनागरीत उतरवलेली. एकाच घरातील तीन भावांचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले. ह्रस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात हयात गेलेल्या आमच्या या मित्राचा हात शिवशिवत होता. एका वृद्ध बाईंच्या ओळखपत्रावर एक नाव, यादीत दुसरे. उच्चारी साम्य होते म्हणून प्रतिनिधींपैकी कोणी हरकत घेतली नाही. यांतले बरोबर कोणते, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘जो लिखा है वही मेरा नाम है, साहब.’ बोट पुढे करून शाई लावून घेतली आणि आत गेल्या. बाहेरची रांग दुपारी दोनच्या उन्हात शाळेच्या फाटकाबाहेर वळली होती. त्याच दिवशी त्याच वेळी मुलुंडच्या आमच्या स्वतःच्या केंद्रावर रांग नव्हती, असे घरून कळले.

२०२४ ची निवडणूक २० मे रोजी झाली. तिच्या एक आठवडा आधी, १३ मे रोजी, घाटकोपरला वादळात एक महाकाय जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे मेली. दोन दिवसांनी घाटकोपरमध्येच पंतप्रधानांचा रोड शो झाला. धारावीच्या पुनर्विकासात विस्थापित होणाऱ्यांना मुलुंडला आणणार की काय, ही चर्चा होतीच. आणि होता जुना, १९६७ चा प्रश्न, नव्या रूपात. गुजराती वस्तीतील इमारतीत मराठी कार्यकर्त्यांना प्रचाराला येऊ दिले जात नाही, अशा तक्रारींच्या बातम्या झाल्या. त्याआधी २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी स्त्रीला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत राज्यभर फिरली होती. भाजपचे मिहीर कोटेचा एका बाजूला, ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे संजय दिना पाटील दुसऱ्या बाजूला. पाटील ४,५०,९३७ मते घेऊन २९,८६१ मतांनी जिंकले.

येथे एक तपशील पाहण्यासारखा आहे. ज्या मतदारसंघात शिवसेनेने १९६७ साली लोकसभेची पहिली मोठी लढत अंगावर घेतली, तेथून तिच्या नावाचा खासदार निवडून जायला सत्तावन्न वर्षे लागली. युतीच्या सगळ्या वर्षांत ही जागा भाजपकडे होती. आणि अखेर तो खासदार निवडून आला तेव्हा मुलुंडमध्ये मागे पडलेली बाजू त्याला भरून दिली ती मानखुर्द-शिवाजीनगरने. ज्या वस्तीला १९९२-९३ च्या दंगली आठवतात त्या वस्तीने. ‘मराठी माणसाचा विजय’ म्हणून त्या रात्री भांडुपला फटाके वाजले. त्यात खोटे काही नव्हते. पण ज्यांच्या रांगांनी तो विजय झाला त्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्यांची नावे फक्त यादीपुरती मराठीत लिहिली जातात. काहींनी याला लगेच मतपेढी म्हटले. मुलुंडच्या सोसायट्यांतून दुसऱ्या बाजूला तितक्याच एकगठ्ठा पडलेल्या मतांसाठी त्यांच्यापाशी तो शब्द नव्हता.

त्या जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही एक स्वाध्याय दिला. निवडणूक आयोग केंद्रनिहाय मतांचा तक्ता प्रसिद्ध करतो, नमुना २०. त्यातून प्रत्येकाने आपापल्या मतदान केंद्राची ओळ शोधायची आणि तिच्यावर एक परिच्छेद लिहायचा. ‘कौल’, ‘गड’, ‘लाट’, ‘मतपेढी’ हे शब्द न वापरता. वर्गात मराठी घेतलेली मुले आता पूर्वीपेक्षा बरीच कमी असतात, आणि त्यांतील सगळी घरी मराठी बोलणारी नसतात. बहुतेकांना परिच्छेद जमला नाही. शब्दच काढून घेतल्यावर लिहायचे काय, अशी त्यांची तक्रार होती. भांडुपच्या एका मुलाने नुसते आकडे उतरवून खाली ‘बाकी माहीत नाही’ असे लिहिले. गोवंडीहून येणाऱ्या एका मुलीने आपल्या केंद्रावरील मतांची बेरीज करून लिहिले, की आमच्या गल्लीत त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणून बायका सकाळी उशिरा निघाल्या. अम्मी दुपारी गेली. तिच्या पुढे रांगेत साधारण दीडशे जणी होत्या, आणि या ओळीतले एक मत तिचे आहे, पण कोणत्या रकान्यातले ते तिने मला सांगितले नाही.